धनुष्याला झेपेल ते लाकूड

गुढीसाठी काठी शोधायला मी गॅरेजमध्ये गेलो आणि चुकीची काठी उचलली. घडलं ते एवढंच. पण रूथमावशींना विचाराल तर त्या सांगतील की गाढवाला घरात ठेवलं की असंच होतं.

इंग्लंडातल्या ह्या मिल्टन कीन्समध्ये बांबू मिळतो, पण तो टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायचा, कमरेएवढा. त्याची गुढी केली असती तर ती पंधरा ऑगस्टचा कागदी झेंडा वाटली असती. गॅरेजच्या छताजवळ मात्र दोन आकड्यांवर एक सुरेख लांब काठी आडवी ठेवलेली होती. चौकोनी, गुळगुळीत, सरळ, माझ्यापेक्षा उंच. मी वर खिळा ठोकला, म्हणजे तांब्या घसरायला नको. खाली तीन स्क्रू मारून ती माझ्या खोलीच्या खिडकीला पक्की केली. खण नेसवला, साखरेची गाठी घातली, कडुनिंब नव्हता म्हणून कढीपत्ता बांधला. मग पाऊस सुरू झाला. इथला पाऊस म्हणजे कुणीतरी दिवसभर तोंडावर ओला टॉवेल झटकत बसावं तसा.

दुपारी मावशी फिजिओथेरपीहून आल्या. गाडीतून उतरल्या, वर पाहिलं आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"प्रणय, ते काय लावलंयस?"

"गुढी, मावशी. नवीन वर्षाच्या शुभेच्छा."

"गुढी मला कळते. मी ठाण्यात वाढलेय. काठी कुठली, ते विचारतेय मी."

मी गॅरेजकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळे मिटले.

"उतरवू का लगेच?" मी विचारलं. "तशी सूर्यास्ताला उतरवतात."

"इथे तुला सूर्य उगवलेला तरी दिसतोय का?" त्या म्हणाल्या. मग दाराची किल्ली शोधत पुटपुटल्या, "राहू दे आता. भोकं पडायची ती पडली. तुझं वर्ष तरी नीट सुरू होऊ दे."

गुढी संध्याकाळपर्यंत भिजली. उतरवली तेव्हा काठीला किंचित कमान आली होती. ती काठी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची होती. मावशींनी डझनभर काठ्यांमधून निवडून आणलेली आणि गेलं वर्षभर सुकवत ठेवलेली. तिच्यातून यंदाचे बाण व्हायचे होते.

बाण म्हणजे धनुष्यबाणातलेच बाण. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा स्वयंपाकघरात पिसांचा ढीग पाहून बाई कोंबड्या कापतात की काय, असं मला वाटलं होतं.

रूथ केहिमकर यांचं कुळ अलिबागकडचं, बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा. नर्सिंग करणाऱ्या थोरल्या बहिणीच्या मागोमाग त्या इथे आल्या आणि हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात नोकरी करून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी हॅनाह लंडनमधल्या ईलिंगला असते. तिनेच एकदा आपल्यासाठी तिरंदाजीच्या शिकवणीचं नाव नोंदवलं आणि ऐन वेळी तिला जायला जमेना. पैसे भरले होते, ते काही परत मिळणार नव्हते. ठाण्यात वाढलेली बाई भरलेले पैसे वाया कसे जाऊ देईल? हॅनाहच्या जागी मावशी जाऊन उभ्या राहिल्या. हॅनाह तिरंदाजी विसरली. मावशी अजून उभ्याच आहेत.

त्या इंग्लिश लाँगबो वापरतात, म्हणजे उंच, साधं, लाकडी धनुष्य. त्या गटात बाणही लाकडीच लागतात. तयार विकतही मिळतात. पण मावशी स्वतःचे स्वतः करतात, कारण विकतच्या बाणांचं लाकूड कुणी निवडलंय ते त्यांना माहीत नसतं. "आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे," त्या सांगतात. "शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली म्हणायचे आम्हाला. लाकडाची पारख आमच्या रक्तातच असणार." हे त्या बाणांना जवसाचं तेल चोळता चोळता सांगतात, त्यामुळे खरं वाटतं. शनिवारी बाणाला हात लावत नाहीत. रविवारी मात्र सकाळीच मैदानावर.

यंदा पंचाईत अशी की खांदा गेला होता. उजवा. गेल्या जूनमधल्या क्लबच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचा एकही बाण लक्ष्याला लागला नव्हता. कुणी काही बोललं नाही. इंग्रज लोक अशा वेळी हवामानावर बोलतात. पण हॅनाहच्या कानावर गेलंच, आणि ती दर रविवारी फोनवर सुरू झाली. फोन स्पीकरवर असायचा, म्हणून मलाही पाठ झालं होतं.

"मम्मी, तुझा शोल्डर इतकी दुखते, तरी तू ऐकत नाही. बो विकून टाक ना. ईलिंगला ये. माझ्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट रिकामा आहे, लिफ्ट पण आहे."

"लिफ्ट घेऊन मी काय करू? मला जिने चढता येतात."

"पण बो ओढता येत नाही."

ह्या शेवटच्या वाक्यावर एका रविवारी मावशींनी पैज लावली. येत्या स्पर्धेत एक तरी बाण लक्ष्याला लागला तर हॅनाहने हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही लागला तर धनुष्य विकायचं आणि ईलिंगचा फ्लॅट बघायला जायचं. मी त्या वेळी भांडी घासत होतो. मला वाटलं, चेष्टा चाललीय. फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ ओट्याला टेकून उभ्या राहिल्या, तेव्हा कळलं की चेष्टा नव्हती.

आणि त्यानंतर मी त्यांच्या बाणांची गुढी उभारली.

शिक्षा म्हणून पुढच्या रविवारी मला मैदानावर नेण्यात आलं, बाण वेचायला. वाटेत मावशींनी मला शास्त्र शिकवलं. मेहकरला नगरपरिषदेच्या शाळेत आम्ही बाण सरळ जातो असं शिकलो होतो. तो सरळ जात नाही. दोरीने मागून ढकललं की तो आधी वाकतो, धनुष्याच्या कडेने वळसा घालतो आणि पुढे जाऊन सरळ होतो. म्हणून लाकूड धनुष्याच्या जोराइतकंच ताठ हवं. मऊ असेल तर जास्त वाकतो, उजवीकडे भरकटतो. फार ताठ असेल तर वाकतच नाही, डावीकडे जातो.

"माणसासारखंच," मी म्हणालो.

"माणसाचं राहू दे. तू बाण मोज."

त्या दिवशी गेल्या वर्षीचे बाण होते, अ‍ॅशच्या लाकडाचे, दणकट. मावशींनी एकामागून एक सोडले. मी वेचायला गेलो. सगळे लक्ष्याच्या डाव्या अंगाला, गवतात, एकमेकांजवळ झोपलेले. नेम चुकला असता तर इकडेतिकडे पडले असते. हे शिस्तीत चुकले होते. मी परत येऊन बोटाने जागा दाखवली.

"वारा आहे," मावशी म्हणाल्या.

शेजारी उभ्या असलेल्या मॉरीनने मैदानावरच्या झेंड्याकडे पाहिलं. मॉरीन त्यांची जुनी मैत्रीण, पोस्टातून निवृत्त झालेली, दंड पैलवानासारखे. झेंडा खांबाला चिकटून लोंबत होता. मॉरीन हवामानावर बोलली.

मला त्या शास्त्राचं कोडं सुटेना. बाण धनुष्याला ताठ पडत होते, म्हणजे धनुष्य कमी जोराचं असणार. पण धनुष्यावर तर अडतीस पौंड लिहिलेलं होतं. घरी आल्यावर मी माझ्या खोलीतून बॅगेचा काटा आणला. तोच तो, हूक असलेला, भारतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असतो तो. हूक धनुष्याच्या दोरीला अडकवला आणि म्हटलं, मावशी, नेहमीसारखं ओढा.

त्यांनी ओढलं. पूर्वी म्हणे दोरी हनुवटीला टेकायची. आता ती हनुवटीच्या चांगलीच अलीकडे थांबली आणि थरथरायला लागली. काट्यावर आकडा आला. एकोणतीस पौंड.

"हा काटा खोटा आहे," मावशी म्हणाल्या.

"ह्याच्यावर भरवसा ठेवून मी दरवर्षी बॅग भरतो."

"आणि दरवर्षी विमानतळावर बॅग उघडून लोणचं बाहेर काढतोस. मला माहीत नाही का?"

हे खरं होतं. काटा टेबलावर राहिला. मावशींनी त्याच्यावर भांडी पुसायचं फडकं टाकलं, मेलेल्या माणसाच्या तोंडावर टाकावं तसं. दोन दिवस आम्ही फक्त दुधाबद्दल आणि कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोललो.

तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "रजा टाक. बेसिंगस्टोकला जायचंय. लाकूड आणायला."

"इथे मिळत नाही?"

"खिळे मारायचं मिळतं. बाणांचं नाही."

बेसिंगस्टोकच्या बाहेर ती वखार आहे. समोर काचेची ऑफिसं, मागे ही, आणि मध्ये गोल फिरणारा रस्ता. आत लाकडाचा असा वास की पोट भरावं. वखारवाला तरुण होता, कानामागे पेन्सिल, मावशींना ओळखणारा. त्याने आम्हाला स्प्रूसच्या काठ्यांपाशी नेलं आणि शहाण्या माणसासारखा बाजूला झाला.

मावशींनी चष्मा बदलला आणि निवड सुरू केली. आधी काठीचं टोक बघायचं, वर्षाची वर्तुळं किती दाट ते. मग काठी डोळ्याला लावून शेवटपर्यंत नजर न्यायची. मग अंगावरची रेघ बोटाने धरत जायचं, ती टोकापर्यंत अंगातच राहते की मध्येच कडेने बाहेर पळते ते. रेघ पळालेलं लाकूड सुटताना फाटतं आणि हातात घुसतं. मावशींनी आयुष्यभर हाडांचे फोटो काढले, त्यामुळे त्या काठीतही फ्रॅक्चरच शोधतात. एक काठी त्यांनी उजेडाकडे धरली आणि "हेअरलाइन आहे" म्हणून परत ठेवली. मला तिथे काठी दिसत होती, बाकी काही नाही.

"हा कसा आहे?" मी एक दांडा दाखवला.

"गाठ आहे."

"हा?"

"दिसायला उंच. रेघ बघ, पोटात वाकडा."

"मावशी, लाकूड बघायला आलोय की स्थळं?"

"स्थळं बघताना एवढं बघितलं असतं तर निम्म्या बायका सुखी झाल्या असत्या." मग पुढची काठी उचलत म्हणाल्या, "आमचे हे सोडून. ते बघून घेतले होते मी."

पुढे दोन काठ्या उरल्या. दोन्हींत दोष नव्हता. एकीची वर्तुळं दाट होती, ठोकली की खणखणीत वाजायची. दुसरीची विरळ, आवाज जरा बसका. मावशींनी दोन्ही आळीपाळीने दोन सुतारी घोड्यांवर आडव्या ठेवून मधोमध अंगठ्याने दाबल्या. पहिली हलली नाही. दुसरी नम्रपणे वाकली आणि परत आली.

मावशींनी पहिली उचलली. खांद्याशी उभी धरली. चांगली दिसत होती त्यांच्या हातात. दरवर्षी त्या असलीच काठी नेत असणार हे मला बघूनच कळलं. वखारवाला पुढे आला.

"ही देऊ? आजची सगळ्यांत उत्तम हीच आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

मावशींनी काठी पुन्हा डोळ्याला लावली. माझ्या जिभेवर काट्याचा आकडा आला होता, पण मागच्या दोन दिवसांचं दूध आणि कचऱ्याचे डबे आठवले आणि मी तो गिळला.

"प्रणय," त्या मराठीत म्हणाल्या, "ही काठी अडतीसची आहे."

"हो, मावशी."

"हो काय. तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही."

त्यांनी काठी परत घोड्यावर ठेवली. हात लगेच काढला नाही. डाव्या हाताने उजवा खांदा जरासा चोळला, आणि मग वखारवाल्याला म्हणाल्या, "उत्तम आहे, पण माझ्या धनुष्याला जड होईल. ती दुसरी दे. तिच्यासारख्या मऊ अजून असतील तर त्याही दाखव."

तो आत शोधायला गेला. मावशी मला म्हणाल्या, "हॅनाहला ह्यातलं काही सांगितलंस तर खोली रिकामी करायची."

परतीच्या वाटेवर काठ्या गाडीच्या आत मागच्या काचेपासून पुढच्या काचेपर्यंत, आमच्या दोघांच्या मधून गेल्या होत्या. गिअर बदलताना प्रत्येक वेळी माझं कोपर त्यांना लागायचं आणि प्रत्येक वेळी मावशी "सांभाळ" म्हणायच्या.

नंतरचे आठवडे आमचं स्वयंपाकघर म्हणजे सुतारकाम होतं. काठ्या चिरल्या, तुकडे केले. खोबणीच्या पट्टीत एकेक तुकडा ठेवून मावशी रंधा मारायच्या, चौकोनाचे आठ कोन करायच्या, आणि मग पॉलिश पेपरमध्ये धरून मी तो गोल फिरवत बसायचो. भाताच्या कुकरवर लाकडाची पूड बसायची. मग परीक्षा. दोन खिळ्यांवर दांडी आडवी ठेवायची, मध्ये दोन पौंडांचं वजन लटकवायचं आणि ती किती वाकते ते बघायचं. सारख्या वाकणाऱ्या सहा दांड्या हव्या होत्या. एकाच काठीच्या पोटचे तुकडे, पण सगळे सारखे वाकत नाहीत. त्यावरही मी माणसांबद्दल काहीतरी बोलणार होतो, मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि मी पेपर फिरवत राहिलो.

सहा जमल्या. पिसं चिकटली, खाचा पडल्या, पितळी टोकं बसली. मैदानावर नेल्या, तर पहिल्याच दिवशी बाण डावीकडे जायचे थांबले. लक्ष्याच्या सरळ रेषेत जाऊ लागले, फक्त कधी अलीकडे पडायचे, कधी खालच्या गवताला चाटून जायचे. मावशी आता वाऱ्याचं नाव काढत नव्हत्या. किती वर धरायचं तेवढं शिकत होत्या, नव्याने, मुकाट्याने. दोन बाण सोडले की खांदा शेकायच्या आणि मग तिसरा.

स्पर्धेच्या सकाळी गाडीतून उतरताना एक बाण दारात चिमटला आणि खाचेपाशी चिरला. दार मी लावलं नव्हतं, हे इथे नमूद करून ठेवतो. मावशींनीच लावलं होतं. त्या घाबरल्या होत्या. बांगड्या नसलेल्या हातांत उगाच बांगड्या सारत असल्यासारखं करत होत्या. स्पर्धेला सहा बाण लागतात. मॉरीन त्या दिवशी फक्त गुण लिहायला होती, तिने आपल्या भात्यातून एक काढून दिला.

"तुझा फार ताठ आहे माझ्यासाठी," मावशी म्हणाल्या. हे त्या मोठ्याने, चारचौघांत, इंग्रजीत म्हणाल्या.

"असू दे, आकडा तर पुरा होईल," मॉरीन म्हणाली.

साठ यार्ड म्हणजे तसं लांब नसतं. बस पकडायला आपण धावतो तेवढं. पण मावशी रेघेवर उभ्या राहिल्या तेव्हा ते लक्ष्य मला दुसऱ्या गावात दिसायला लागलं. पहिला बाण अलीकडे पडला. दुसरा लक्ष्याच्या पायाशी. तिसरा सोडायच्या आधी त्यांनी हात खाली घेतला, खांदा फिरवला, पुन्हा उचलला. दोरी हनुवटीपर्यंत गेली नाही. जिथपर्यंत जाते तिथपर्यंत नेली आणि सोडली.

ठप्प असा आवाज आला. गवतात पडला की असा आवाज येत नाही.

सगळ्यांत बाहेरच्या पांढऱ्या कड्यात, अगदी काठावर. गुण एक. मी ओरडलो असेन, कारण तीन म्हाताऱ्या इंग्रजांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मावशींनी नाही पाहिलं. त्यांनी पुढचा बाण लावला. त्या दिवशी आणखी काही लागले, एक तर त्याच्या आतल्या काळ्या कड्यात. मॉरीनचा उसना बाण मात्र पहिल्याच फेरीत अपेक्षेप्रमाणे डावीकडे निघाला, कुंपणापलीकडच्या खाजकुयलीसारख्या झुडपांत शिरला आणि आम्ही तिघांनी हात खाजवून घेऊनही सापडला नाही.

संध्याकाळी फोन आला. स्पीकरवर.

"लागला?" हॅनाहने विचारलं.

"लागला."

मग ती म्हणाली, "ओके, मम्मी. फ्लॅटची गोष्ट बंद. पण खांदा शेकते की नाही तू?"

"शेकते."

"प्रणय, ती खोटं बोलते?"

मी मावशींकडे पाहिलं. गरम पिशवी समोर टेबलावर थंड पडली होती. "शेकतात," मी म्हणालो, आणि उठून पाणी तापवायला ठेवलं.

आता राहिला तो मॉरीनचा बाण. क्लबातली रीत अशी की हरवलेल्या बाणाच्या बदल्यात बाणच द्यायचा, हाताने केलेला. घरात लाकूड पुष्कळ आहे, पण सगळं मऊ. मॉरीनच्या धनुष्याला ते चालायचं नाही, तिचा बाण उजवीकडे भरकटेल आणि ती पुन्हा हवामानावर बोलेल. तिला ताठ लाकूड हवं, आणि ते आणायला बेसिंगस्टोकला जावं लागेल. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. मावशी म्हणतात, रजा टाक. मी म्हणतो, टाकतो. मॉरीन दर रविवारी भेटते, आपल्या भात्यातले पाच बाण मोजते आणि आमच्याकडे बघून हसते.